सातव्या नमुन्याचा शेवटचा काप

मल्लेश्वरम, बंगळूर
३ ऑगस्ट २०२५

चि. संग्राम,

आशीर्वाद स्वीकारायचे की नाहीत हे तू ठरव. देणे माझ्या हाती आहे, म्हणून देतो.

"तुम्ही माझी मुलगी फोडलीत, बाबा," हे तुझे माझ्याशी बोललेले शेवटचे वाक्य. त्याची रचना निर्दोष होती. त्यातला आरोप खोटा होता. स्वानंदीने पुण्यातली नोकरी सोडून संशोधनाला यायचे ठरवले, ते माझ्या सांगण्यावरून नव्हे. तिला या शहरात राहायला जागा हवी होती आणि माझ्याकडे एक खोली रिकामी होती. मी दार उघडले. त्यावर तू आम्हा दोघांशीही बोलणे टाकलेस. मुग्धा तुझ्या माघारी लेकीला फोन करते. ते तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक असल्याचे मुग्धेलाही ठाऊक आहे. अशा घराला काय म्हणावे, याचा शब्द मला अद्याप सापडलेला नाही.

हे पत्र समेटासाठी नाही. तुझी मुलगी काय करते याची तुला माहिती असावी, इतकाच हेतू आहे.

मूत्रपिंडात रक्त गाळणारी एक चाळणी असते. तिची वीण इतकी बारीक असते की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. ती पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, त्याला स्वतंत्र खोली लागते आणि चालवायला तज्ज्ञ लागतो. त्यामुळे अथणीसारख्या दूरच्या गावातल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा बंगळुरास येतो आणि अहवाल परत पोहोचेपर्यंत तो रुग्ण ताटकळतो. स्वानंदी आणि तिचे सहाध्यायी हेच काम नखाएवढ्या चिपवर करू पाहत आहेत. चिपच्या आतल्या अरुंद वाटेने लेसरचा प्रकाश वाहतो आणि त्याचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर झिरपतो. मला समजेना, तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर तांब्या कलता केला.

"आजोबा, हे बघा. सांडलेल्या पाण्याचा कसा पातळ थर राहतो? तसा प्रकाशाचा. त्यात जेवढं बुडतं तेवढंच दिसतं. वरचं काही मध्ये लुडबुड करत नाही."

"टेबल कोण पुसणार?" मी विचारले.

"विज्ञानाला किंमत मोजावी लागते," असे म्हणून तिने फडके माझ्याच हातात दिले.

सगळे यंत्र जेवणाच्या डब्यात मावते. उद्या ते अथणीच्या दवाखान्यात ठेवता येईल. हे काम क्षुल्लक आहे असे तुला आजही वाटत असेल, तर कारण देऊन लिही.

माझी प्रकृती ठीक आहे. पायांना किंचित सूज असते. समोरच्या घरातली शिवलीला माझ्या जेवणातून मीठ वगळते आणि वर बजावते, "अण्णा, नाक मुरडायचं नाही, सरी ना?" ती मीठ का वगळते, हे तिलाच ठाऊक.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
१७ ऑगस्ट २०२५

चि. संग्राम,

पत्र पोहोचले का, असे शिवलीलेने तुला फोनवर विचारले, तेव्हा तू तिला अंगठ्याचे चित्र पाठवलेस. अंगठा उठवणाऱ्यांना सही करायला शिकवण्यासाठी माझ्या आईने गावात रात्रीचे वर्ग चालवले होते. तिचा नातू अभियंता होऊन परत अंगठ्यावर आला.

असो. मागील पत्रात मी प्रकृतीविषयी जे लिहिले ते अपुरे होते. ते आता पुरे करतो.

जून महिन्यात माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला गेला. स्वानंदीला मी धारवाडच्या चर्चासत्राला जातो असे सांगितले होते. रुग्णालयात शिवलीला सोबत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आला: चाळणीची वीण मोडली आहे. डॉक्टरबाईंनी लागलीच जालीम औषधे सुरू करायला सांगितली. माझ्या वयात त्या औषधांनी हाडे ठिसूळ होतात, साखर चढते आणि एखादा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. औषधे न घ्यावीत तर मूत्रपिंडे फार काळ साथ देणार नाहीत. मी बाईंकडे विचाराला वेळ मागितला. त्यांनी तो नाखुशीने दिला.

आता तो वेळ मी अजून का लांबवतो आहे ते लिहितो.

तुकड्याचा उरलेला भाग संशोधनाला द्याल का, असे रुग्णालयात विचारले होते. संस्था स्वानंदीचीच होती. मी संमती दिली. तिला उपयोग व्हावा, एवढेच तेव्हा मनात होते. नमुन्यावर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. संमती मागे घ्यावीशी वाटल्यास असावा म्हणून तिथल्या बाईंनी तो मला सांगून ठेवला. सात.

गेल्या आठवड्यात स्वानंदी दारातूनच ओरडत आली. "आजोबा, सातवा नमुना! इलेक्ट्रॉनवाल्यांनी वीण मोडली म्हणून लिहिलंय. आमच्या चित्रात कंगव्यासारखी शाबूत आहे, दातन्‌दात!"

मी विचारले, "मग चूक कोणाची?"

"कदाचित कोणाचीच नाही. ते इवलासा कोपरा बघतात. त्यांना नेमका वाईट कोपरा मिळाला असेल. आम्हाला सगळा काप एकदम दिसतो. सर तर हवेत आहेत. म्हणाले, आपल्या शोधनिबंधाचा मथळाच हा नमुना!"

वीण शाबूत असेल तर माझे दुखणे सौम्य जातीचे ठरते. मीठ बंद, रक्तदाबाची गोळी, नियमित तपासणी. आणखी काही नाही. त्या दिवशी मी दोन पोळ्या अधिक खाल्ल्या. शिवलीला म्हणाली, "काय अण्णा, आज अळणी भाजी गोड लागली?"

तो नमुना माझा आहे हे स्वानंदीला ठाऊक नाही आणि तिचे काम पूर्ण होईपर्यंत ठाऊक होता कामा नये. कोणाचा तुकडा आहे हे न जाणता ती पाहते, म्हणूनच तिच्या पाहण्याला मोल आहे. ते तिला कळले, तर उद्या कोणीही म्हणेल की नातीला जे दिसावेसे वाटले तेच दिसले. आणि त्याचे खंडन मलाही करता येणार नाही. तूही तिला काही कळवू नकोस. तुझ्या अबोल्याचा मला प्रथमच उपयोग होतो आहे.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
२९ ऑगस्ट २०२५

चि. संग्राम,

तू शिवलीलेला फोन केलास. तिने तुझा निरोप मला असा सांगितला: "अण्णा, साहेब म्हणाले, औषध सुरू करा. मधलं थोडं मी गाळलं."

"मधले काय होते?"

"ते तुमच्या कानांवर घालायच्या लायकीचं नव्हतं."

तुझी काळजी मला पोहोचली. ती थेट आली असती तर अधिक बरे वाटले असते. डॉक्टरबाईंचाही काल फोन आला. त्यांच्या आवाजातली नाखुशी आता उघड चीड झाली आहे. मी त्यांना थोडे दिवस आणखी मागितले. कशासाठी, हे सांगितले नाही. चिपच्या चित्राची गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी मला वेड्यात काढले असते आणि आज मला त्यांना दोष देता आला नसता.

कारण आज स्वानंदी संस्थेतून लवकर परतली. चप्पल न काढताच आत येऊन बसली. या घरात तसे कोणी करत नाही. मी काही बोललो नाही, यावरून मी किती घाबरलो होतो हे तुझ्या ध्यानात यावे.

"आजोबा, मला एक शंका आहे आणि ती मला नको आहे."

"सांग."

"चिपच्या वाटेतून जाणारा प्रकाश एकसारखा नसतो. तो आतल्या आत आपटतो, त्याचे स्वतःचे पट्टे पडतात. आम्ही ते हलवून हलवून खूप चित्रं घेतो आणि सरासरी काढतो, म्हणजे पट्टे पुसले जातात. पण सातव्याला आम्ही चित्रं कमी घेतली होती. काप नाजूक होता, लेसरनं रंग उडत होता." तिने फोनवर चित्र काढून माझ्यापुढे धरले. "हे दात बघा. सगळे वाटेच्या दिशेनंच आहेत. एकही तिरका नाही."

मी चष्मा लावून पाहिले. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे, उभे, सुबक दात. मी माझ्या शरीराचा अंतर्भाग पाहत होतो, आणि मला तो फार देखणा वाटला.

"मग हा कंगवा मूत्रपिंडाचा की प्रकाशाचा, हे कसे ठरवायचे?" मी विचारले.

"दुसरा काप चिपवर आडवा ठेवायचा. काप वळला तसे दात वळले, तर ते खरे. काप वळूनही दात वाटेच्याच दिशेनं राहिले, तर..." तिने वाक्य सोडून दिले. "सर म्हणतात, गरज नाही. निबंध पाठवायची मुदत जवळ आलीय, आणि सातव्याचा एकच काप उरलाय. शेवटचा. तो ठेवताना फाटला तर संपलंच. शिवाय चित्र इतकं छान आलंय, कशाला उकरता, असं त्यांचं म्हणणं."

"तुझे म्हणणे काय?"

"मला माझं म्हणणं कळत नाहीये, म्हणून तर तुम्हाला विचारतेय. माझ्या पाचवीतल्या निबंधात तुम्ही चुका काढल्या होत्या, बक्षीस मिळाल्यावर! तुम्ही सांगा. करू का?"

संग्राम, तिने हा प्रश्न मला विचारला. साऱ्या बंगळुरात ज्या एका माणसाला तो विचारायला नको होता, नेमके त्याला.

मी म्हटले, "उद्या सांगतो."

सूर्यकांत


मल्लेश्वरम
३० ऑगस्ट २०२५

चि. संग्राम,

कालचे पत्र टपालात पडले आहे. त्याचा शेवट तुला छळत असेल, म्हणून हे लगोलग लिहितो.

"मार्गदर्शकांचा अनुभव मोठा आहे, त्यांचे ऐकावे," हे वाक्य मी काल जुळवून ठेवले होते. त्यात असत्य काहीच नव्हते. ते ऐकून तिला हायसे वाटले असते, निबंध वेळेवर गेला असता, आणि सुबक हिरव्या दातांवर विसंबून मला जालीम औषधांवाचून राहता आले असते. अर्थात चित्रात काहीही दिसले तरी माझे मूत्रपिंड जसे आहे तसेच राहणार, इतके तर्कशास्त्र मला समजते. परंतु मला मूत्रपिंड नको होते, संग्राम. मला ते चित्र हवे होते. मला जगायचे आहे, आणि या वयात हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

सकाळी संपिगे रस्त्यापर्यंत जाऊन आलो. पाय जड झाले होते. परतलो तेव्हा ती ओट्याशी उभ्यानेच कॉफी पीत होती.

"ठरलं?" तिने विचारले.

"कर."

"सर चिडतील."

"चिडू देत."

"आणि काप फाटला तर? मग काहीच नाही हातात. ना हो, ना नाही."

"तर तसे लिही. फाटला, म्हणून कळले नाही, असे लिही."

तिने कप ओट्यावर ठेवला. "आवाज असा काय येतोय तुमचा? घसा बसलाय का?"

"बसला असेल."

"हळद-दूध घ्या," म्हणाली आणि गेली. पुढच्या शनिवारी संस्थेत पाहुण्यांना प्रयोगशाळा पाहता येते. तेव्हाच ती हा प्रयोग करणार आहे आणि मी यावे असा तिचा आग्रह आहे. मी होकार दिला. नाही म्हणायला एक सबळ कारण माझ्याजवळ होते, पण ते सांगण्याजोगे नव्हते.

सूर्यकांत


मल्लेश्वरम
६ सप्टेंबर २०२५

चि. संग्राम,

आज जाऊन आलो.

खोली थंड आणि अंधारी होती. मला पांढरा अंगरखा आणि डोक्याला टोपी घालायला लावली. स्वानंदीचा सहाध्यायी अद्वैत, पुण्याचाच, खुर्ची घेऊन आला. "आजोबा, बसा. इट विल टेक टाइम. आणि प्लीज टेबलला टच नका करू, सगळं अलाइन केलंय."

"या वाक्यात मराठीला जागा अपुरी पडली," मी म्हणालो.

"हे असंच बोलतात," स्वानंदीने त्याला सांगितले. "घाबरू नकोस, तुला मार्क देणार नाहीत." तिने उजवे मनगट डाव्या हाताने धरले, श्वास सोडला आणि मग तारेच्या बारीक फासात धरलेला काप चिपवर आडवा उतरवला. मला तो दिसलासुद्धा नाही. माझ्याच देहाचा अंश, आणि मी मान पुढे काढून त्याला शोधत होतो.

"फाटला?" अद्वैतने विचारले.

"नाही. गप्प बस."

लेसर लागला. चित्रांमागून चित्रे जमा होऊ लागली. पडद्यावर आधी नुसते हिरवे धुके होते. स्वानंदी उभी, अद्वैत वाकलेला, आणि मी गुडघ्यांवर हात घट्ट दाबून बसलेलो. धुके हळूहळू विरळ झाले आणि दात उमटले. सुबक, एका ओळीत.

वाटेच्याच दिशेने.

काप आडवा होता आणि दात उभेच्या उभे होते. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"शिट," अद्वैत म्हणाला, मग माझ्याकडे पाहून, "सॉरी, आजोबा."

"थांब," स्वानंदी म्हणाली. "अजून चित्रं घे. रंग उडेपर्यंत घे. आता काप वाचवायचा नाहीये."

त्याने घेतली. जसजशी सरासरी वाढली तसतसे दात फिके होत गेले आणि त्यांच्याखालून खरी गोष्ट वर आली: सपाट, पसरट, ठिकठिकाणी गोळा झालेला थर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने लिहिले होते तेच. मी ते शेवटपर्यंत पाहिले. मान फिरवली नाही.

स्वानंदी खुर्चीशेजारी उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, तरी ती हसत होती. "गेलं सगळं, आजोबा. मथळा गेला. आधीचे सहा नमुनेही परत तपासावे लागणार. पण किती चित्रं घेतली म्हणजे पट्टे जातात ते आज कळलं. बरं झालं ना विचारलं तुम्हाला?"

"बरे झाले," मी म्हणालो.

मग ती पडद्याकडे वळली आणि हलकेच म्हणाली, "कोण असेल बिचारा. त्याची औषधं तरी सुरू असतील ना?"

सूर्यकांत


मल्लेश्वरम
९ सप्टेंबर २०२५, दुपार

संग्राम,

हे पत्र टपालाने वेळेत पोहोचणार नाही. शिवलीला याची छायाचित्रे काढून तुला पाठवील. ती शेजारी फोन घेऊन उभी आहे आणि "अण्णा, स्वल्प लवकर" म्हणते आहे; अक्षर बिघडले असेल तर चालवून घे.

आज सकाळी स्वानंदीने मार्गदर्शकांना अहवाल पाठवला. सातव्या नमुन्याबाबत आपला आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, असे तिने पहिल्याच ओळीत लिहिले. मी तो वाचला. एकही शब्द बदलावा लागला नाही. त्यांचे उत्तर आले: "समोरासमोर बोलू." ते काय बोलतील, हे ती जाणून आहे.

अहवाल गेल्यावर सातवा नमुना माझा आहे हे, आणि बाकीचेही सारे, मी तिला सांगितले. आता तिच्या कामाला त्याने बाधा येणार नव्हती. मला वाटले होते, ती रडेल. ती रडली नाही.

"'कर' म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होते."

"आणि प्रयोगशाळेत? तिथे बसून बघत होतात?"

"हो."

मला वाटले, आता ती माझ्या धैर्याविषयी काही बोलेल. तेवढा अभिमान मी बाळगून होतो, हे लपवत नाही.

"औषधं जूनपासून टाळलीत?" ती म्हणाली. "कशाच्या भरवशावर? माझ्या चित्राच्या? अहो, त्या चित्रावर माझाच भरवसा नव्हता!"

"तुझा भरवसा नव्हता, हे मला गेल्या महिन्याअखेर समजले. त्याआधी..."

"त्याआधी मी उड्या मारत होते, हो ना? एक विद्यार्थिनी उड्या मारते म्हणून माणूस औषध टाळतो?" तिचा आवाज चढला, शिवलीला समोरून धावत आली. "मला विचारता येत नव्हतं, मान्य. डॉक्टरांना विचारायचं होतं. बाबांना सांगितलंत ना? मग बाबांचं तरी ऐकायचं होतं!"

"त्याने शिवलीलेकडून निरोप पाठवला होता."

"निरोप!" ती म्हणाली. "एकाच माणसाच्या जिवाबद्दल हे दोघं निरोप पाठवतायत." आणि शिवलीलेकडे वळून, "अक्का, तुम्ही तरी मला का नाही सांगितलंत?"

शिवलीला खाली पाहत म्हणाली, "अण्णांनी शपथ घातली होती गं."

ती माझ्याशी बोलायची थांबली. तिनेच डॉक्टरबाईंना फोन केला, सारे सांगितले, त्यांची बोलणी खाल्ली. उद्या सकाळी मला दाखल करायचे आहे. विलंबाने नुकसान झाले आहे. किती, ते रक्त तपासल्यावर कळेल. औषधे लागू पडतील असे बाई म्हणतात, पण "जूनमध्ये मी हे अधिक खात्रीने म्हटलं असतं," असेही म्हणाल्या. आता स्वानंदी आतल्या खोलीत माझी पिशवी भरते आहे. सदरे घडी घालते, मोडते, पुन्हा घालते.

तिने केले ते योग्यच होते. मी "कर" म्हणालो तेही योग्यच होते. त्यावर मी ठाम आहे. परंतु मी थांबलो ते तिच्या शास्त्रावर श्रद्धा होती म्हणून नव्हे, औषधांच्या भीतीने. आणि आपल्या कामाने आजोबांचा घात केला असे ती आता धरून बसली आहे. ते खरे नाही, हे तिला माझ्याकडून पटणार नाही. मी आरोपीच्या जागी आहे. माझी साक्ष ती कशी मानील?

ते तुला सांगता येईल. काय बोलावे हे मी तुला शिकवत नाही. तू तिच्या निर्णयाशी सहमत व्हावेस असेही म्हणत नाही. तू तिचा बाप आहेस आणि ती घाबरली आहे, एवढेच कळवतो.

आताच तिने शिवलीलेला विचारले की बाबांचा नंबर तोच आहे का. शिवलीला हो म्हणाली. ती फोन हातात घेऊन गॅलरीत गेली आहे. मला इथून तिची पाठ दिसते.

संग्राम, फोन उचल.